डोलकाठीवरच्या माणसाला जामीन कोण?

मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मलबारी सागवानातून बांधलेले ‘ट्रिंकोमली’ हे शिडाचे लढाऊ जहाज १८१७ साली पाण्यात लोटले गेले, आणि दोन शतके उलटून गेल्यावरही इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल येथे ते आपल्या तीन डोलकाठ्यांसह आजही पाहावयास मिळते. तेथे जाणारा प्रेक्षक तोफा पाहतो, कप्तानाची खोली पाहतो, सागवानाच्या टिकाऊपणाचे कौतुक करतो. परंतु त्या डोलकाठ्यांच्या शेंड्यांजवळ एके काळी माणसे काम करीत असत, भर पावसात, मध्यरात्री, वादळात आणि कमरेला साधा दोरही न बांधता करीत असत, हा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. त्या उंचीवरील खलाशाच्या जिवाची हमी कोणी घ्यावयाची, त्याच्या स्वतःच्या मुठीने की त्याला वर पाठविणाऱ्या जहाजाने, या एका प्रश्नाचे उत्तर बदलण्यास जवळजवळ दोनशे वर्षे लागली. दोर, पट्टे आणि परवाने यांचा जो इतिहास पुढे सांगावयाचा आहे, त्याच्या मुळाशी हा एकच प्रश्न आहे.

शिडाच्या जहाजावर खलाशाला वर का जावे लागे, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. युरोपीय पद्धतीच्या मोठ्या जहाजाच्या डोलकाठीवर एकावर एक अशी अनेक चौकोनी शिडे असत, आणि प्रत्येक शीड वरच्या कडेने एका आडव्या काठीला, म्हणजे परबाणाला, बांधलेले असे. वारा वाढला की शिडाचा काही भाग गुंडाळून आवळावयाचा, फारच वाढला तर सगळे शीड गुंडाळून परबाणाला जखडून टाकावयाचे, आणि वारा पडला की ते पुन्हा मोकळे करावयाचे, ही कामे खालून दोर ओढून निम्मीच होत. उरलेली निम्मी परबाणावर जाऊन हातांनीच करावी लागत. जहाजाच्या दोन्ही कडांपासून डोलकाठीकडे तिरपे ताणलेले जाड दोर, आणि त्यांवर पाऊल टाकण्याजोग्या अंतराने आडव्या बांधलेल्या बारीक दोऱ्या, ही त्याची शिडी. काही उंची गाठल्यावर डोलकाठीभोवती बसविलेला लाकडी माचा येई. त्या माच्यात डोलकाठीलगत एक भोक असे व त्यातून सरळ वर जाता येई. परंतु ते भोक नवशिक्यांचे आणि भित्र्यांचे मानले जात असल्यामुळे मुरलेला खलाशी माच्याच्या बाहेरच्या कडेकडे गेलेल्या उलट्या दोरांवरून, पाठ पाण्याकडे आणि तोंड आकाशाकडे अशा लोंबत्या अवस्थेत, कडेला वळसा घालून वर जाई.

माच्यावरून पुढे परबाण. परबाणाखाली एक दोर सैलसर सोडलेला असे; त्या पायदोरावर उभे राहावयाचे, पोट परबाणावर टेकवावयाचे, आणि दोन्ही हात पुढे टाकून, ओले झाल्यावर ताठ व जड होणारे ते जाड कापड मुठीमुठीने वर ओढावयाचे, असे ते काम होते. एक खलाशी पायदोरावर उतरला की आधीपासून उभे असलेल्या सर्वांच्या पायांखालचा दोर उसळे, म्हणून पाऊल ठेवण्यापूर्वी तसे मोठ्याने सांगण्याची रीत होती. भूमीवरील उंचीहून समुद्रावरील उंची निराळी असते ती याच कारणाने, की तेथे पायांखालचे सर्व काही हलत असते. १८६९ साली पाण्यात उतरलेल्या ‘कटी सार्क’ या प्रसिद्ध जहाजाची मुख्य डोलकाठी सुमारे ४६ मीटर उंच आहे. तेवढ्या उंचीच्या डोलकाठीचे जहाज दोन्ही बाजूंना वीस-वीस अंश कलंडू लागले, तर शेंड्याजवळचा माणूस एका हेलकाव्यात तीस मीटरांहून अधिक अंतर या टोकाकडून त्या टोकाकडे फेकला जातो. आणि तीस मीटरांवरून हात सुटला, तर अडीच सेकंदांच्या आत माणूस ताशी सुमारे ८५ किलोमीटर वेगाने खाली आदळतो. खाली लाकडी तक्तपोशी असली काय आणि पाणी असले काय, त्या वेगात फारसा फरक राहत नाही.

या धोक्याला तोंड देण्यासाठी जुन्या खलाशांनी पिढ्यानपिढ्यांच्या अनुभवातून काही शिस्त घालून घेतली होती, आणि तिच्याविषयी आदर बाळगणेच उचित होय. वर चढावयाचे ते नेहमी वाऱ्याकडच्या बाजूने, म्हणजे वारा माणसाला दोरांवर दाबून धरतो. पकडावयाचे ते उभे जाड दोर, पायाखालच्या आडव्या दोऱ्या नव्हेत, कारण आडवी दोरी कुजलेली असू शकते. खिशात काहीही सुटे न्यावयाचे नाही, चाकू दोरीने बांधलेला असावा. आणि कोणताही दोर धरण्यापूर्वी तो दुसऱ्या टोकाला कशाला बांधलेला आहे हे ठाऊक असावे. हे नियम आजही जसेच्या तसे शिकविले जातात. सर्वांचा मुकुटमणी म्हणजे एक हात जहाजासाठी आणि एक हात स्वतःसाठी, हे वचन. परंतु वादळात शीड आवळताना दोन्ही हात लागतातच, आणि म्हणून ज्या क्षणी त्या वचनाची गरज सर्वाधिक, नेमके त्याच क्षणी ते पाळणे अशक्य होई. शिवाय त्या वचनात सुरक्षेचा सारा भार खलाशाच्या अंगावर टाकलेला होता, हेही नजरेआड करता येत नाही. जो पडला, त्याचा हात सुटला. आणि हात सुटला तो त्याचा, जहाजाचा नव्हे.

याचे एक मर्मभेदक उदाहरण रिचर्ड हेन्री डेना या अमेरिकन लेखकाने १८४० साली प्रसिद्ध झालेल्या ‘टू इयर्स बिफोर द मास्ट’ या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे. महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून डेना १८३४ साली बोस्टनहून ‘पिलग्रिम’ या जहाजावर साधा खलाशी म्हणून निघाला. त्या वर्षीच्या १९ नोव्हेंबरला त्याचा एक तरुण इंग्रज सहकारी जॉर्ज बॉलमर वरच्या डोलकाठीवर एक दोर बसविण्यास चढला. त्याच्या गळ्यात दोराचा वेढा, कप्पी, आणखी एका लांब दोराचे भेंडोळे आणि दोर उकलण्याचा लोखंडी सुळा इतके सामान होते. माच्याकडे जाणाऱ्या त्याच उलट्या दोरांवरून तो पडला. त्याला पोहता येत नव्हते, अंगावर जाड कपडे होते. होडी उतरविली गेली, आशा नाही हे ठाऊक असूनही परत फिरण्याचा शब्द कोणी काढीना, म्हणून लोक जवळजवळ तासभर शोधीत राहिले, आणि रिकाम्या हातांनी परतले. त्यानंतर कप्तानाने सर्वांना बोलावून, करता येण्याजोगे सर्व केले असे तुम्हांस वाटते ना, असे विचारले, आणि जहाज आपल्या मार्गाला लागले. लगोलग मृताच्या कपड्यांचा लिलाव झाला, कारण प्रवासात मृत झालेल्या खलाशाच्या चीजवस्तूंबद्दल कायद्याने कप्तान जबाबदार धरला जाई. हा तपशील मला सर्वांत बोलका वाटतो. माणसाच्या पेटीतील सदऱ्याचा हिशेब ठेवणारा कायदा होता. मात्र त्याच्या गळ्यात इतके ओझे घालून त्याला उलट्या दोरांवर का पाठविले, असा जाब विचारणारा कायदा नव्हता.

मग त्या काळी कमरेला दोर बांधून वर जाण्याचा प्रघात का पडला नाही? निव्वळ निष्ठुरता हे त्याचे संपूर्ण उत्तर नव्हे. खलाशाला परबाणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि एका परबाणावरून दुसऱ्यावर वेगाने सरकावे लागे. प्रत्येक वेळी गाठ मारणे आणि सोडणे यांत जो विलंब होई, त्यात फडफडणारे शीड फाटून जाण्याचा अथवा त्याचा तडाखा बसून माणसेच उडविली जाण्याचा धोका असे. चटकन अडकणारे आणि आपोआप न सुटणारे भरवशाचे हुक नव्हते. पण याबरोबरच आणखीही एक गोष्ट होती, ती म्हणजे धीटपणाची कल्पना. ज्याला आधार लागतो तो खरा खलाशी नव्हे, ही समजूत तक्तपोशीवर इतकी रुजलेली होती, की आधार उपलब्ध झाल्यावरही तो वापरण्यास पुढे अनेक दशके लोक कचरत राहिले.

म्हणून आरंभीच्या सुधारणा माणसाच्या अंगावर न होता जहाजाच्या अंगावर झाल्या. पायदोर हीच मुळात एक सुधारणा होती. सतराव्या शतकात तो रूढ होण्यापूर्वी खलाशी परबाणावर मांडी टाकून सरपटत असत किंवा परबाणच खाली उतरविले जाई. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात परबाणाच्या वरच्या अंगाला लोखंडी कांब बसविण्याची पद्धत आली. ती शीड बांधण्यासाठी होती, परंतु खलाशाच्या हाताला प्रथमच एक पक्का आधार मिळाला. १८५०च्या दशकात हाऊज नावाच्या अमेरिकन कप्तानाने मधले अवाढव्य शीड दोन लहान शिडांत विभागण्याची रचना प्रचारात आणली, त्यामुळे वादळात त्या शिडाशी झुंजण्याचे काम पुष्कळ हलके झाले. त्याच सुमारास इंग्लंडात कनिंगहॅम याने परबाण फिरवून खालूनच शीड आखूड करण्याची युक्ती काढली. पुढे तागाच्या दोरांच्या जागी पोलादी तारदोर आले. या सुधारणांमागे कमी माणसांत जहाज चालविण्याची मालकांची निकड होतीच. तरीही त्यांनी प्राण वाचविले हे खरे, आणि त्यांतून एक तत्त्व हाती आले, ते असे, की उंचीवरील धोका कमी करण्याचा उत्तम मार्ग म्हणजे उंचीवर जाण्याची गरजच कमी करणे.

हे तत्त्व आपल्या किनाऱ्याला नवे नव्हते. कोकणातील मचवे आणि फत्तेमाऱ्या यांचे तिरके शीड परबाणासकट वर चढविले जाते आणि परबाणासकटच खाली उतरविता येते. त्यामुळे शीड बदलण्याचे वा आवरण्याचे बहुतेक काम तक्तपोशीवर उभे राहूनच होते, आणि अंधारात परबाणावर ओळीने माणसे उभी करण्याचा प्रसंग येत नाही. त्या रचनेत वेगळे कष्ट आहेत, जड परबाण ओढून चढविण्यास अनेक हात लागतात. परंतु उंचीवरील मृत्यूची जी सतत टांगती तलवार युरोपीय जहाजावरील खलाशाच्या माथ्यावर होती, ती येथील तांडेलाच्या माणसांवर तितकीशी नव्हती.

मुंबईच्याच गोदीत १८२१ साली आणखी एक जहाज तयार झाले होते, त्याचे नाव ‘गँजेस’. पुढे ते इंग्लंडात नौदलात दाखल होणाऱ्या मुलांचे शिक्षणाचे जहाज झाले, १९०५ साली ही शाळा शॉटली येथे जमिनीवर आली, आणि पुढे तीही ‘गँजेस’ याच नावाने ओळखली गेली. शाळेच्या मैदानात सुमारे ४३ मीटर उंचीची, म्हणजे चौदा मजली इमारतीएवढी, डोलकाठी उभारलेली होती, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या प्रत्येक मुलाला ती चढावी लागे. समारंभाच्या दिवशी परबाणांवर मुलांच्या रांगा उभ्या राहत आणि त्यांतील एक मुलगा अगदी शेंड्यावरच्या ताटलीएवढ्या लाकडी चकतीवर, तडितवाहकाचा काय तो आधार घेऊन, ताठ उभा राहून सलामी देई. असे असूनही त्या डोलकाठीखाली जाळे ताणलेले होते. त्या जाळ्याचा अर्थ मोठा आहे. कोणीतरी कधीतरी निसटणार, आणि तो निसटला तरी मरता कामा नये, ही गोष्ट संस्थेने आपल्या खर्चाने मान्य केली होती. शाळा १९७६ साली बंद झाली.

कायद्याच्या दृष्टीनेही वारे विसाव्या शतकाच्या आरंभी फिरू लागले. ब्रिटनमध्ये कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा १९०६ साली खलाशांनाही लागू झाला, आणि भारतात १९२३च्या कायद्यात खलाशांसाठी स्वतंत्र तरतूद आली. या कायद्यांचे मर्म असे, की कामावर असताना इजा झाली तर मालकाची हयगय सिद्ध करण्याचा बोजा जखमी माणसावर किंवा त्याच्या विधवेवर राहिला नाही. जोवर पडलेल्या खलाशाची किंमत त्याच्या कपड्यांच्या लिलावाएवढी होती, तोवर पडणे थांबविण्याची तजवीज कोणी केली नाही. ती किंमत जहाजमालकाच्या दप्तरात खर्चाच्या बाजूस रुजू झाली, तेव्हा दोर तपासले जाऊ लागले. हे वाचताना मन खिन्न होते, पण सुधारणेचा इतिहास पुष्कळदा असाच घडलेला आहे.

प्रत्यक्ष माणसाच्या अंगावर आधार आला तो कमरपट्ट्याच्या रूपाने. रुंद पट्टा कमरेला, त्याला एक आखूड दोर आणि दोराच्या टोकाला हुक. काम करण्याच्या जागी पोहोचल्यावर हुक अडकवावयाचा. एका जागी स्थिर राहण्यास हा पट्टा चांगला, परंतु माणूस खरोखर पडला तर तोच पट्टा त्याचा घात करू शकतो, हे हळूहळू ध्यानात आले. साधे गणित करून पाहू. ऐंशी किलो वजनाचा मनुष्य दोन मीटर पडला आणि न ताणणाऱ्या दोराने त्याला दहा सेंटीमीटरांत थांबविले, तर त्याच्या शरीरावर येणारा सरासरी जोर त्याच्या वजनाच्या सुमारे एकवीसपट भरतो. हा सारा जोर पोट आणि मणका यांवर एका पट्टीने आला, तर जमिनीपर्यंत न पोहोचताही तो माणूस कायमचा जायबंदी होऊ शकतो. हाच माणूस दहा सेंटीमीटरांऐवजी एक मीटर अंतरात थांबविला, तर जोर वजनाच्या अवघ्या तिपटीवर येतो. म्हणून आजच्या दोरात घडी घालून शिवलेली एक पट्टी असते. झटका बसला की तिचे टाके क्रमाक्रमाने उसवत जातात आणि पडण्याचा वेग त्या उसवण्यात खर्ची पडतो. युरोपीय मानकानुसार अशा धक्काशोषकाने माणसावर येणारा जोर सहा किलोन्यूटनांच्या आत ठेवलाच पाहिजे. आणि पट्टा आता केवळ कमरेला नसतो. खांदे, छाती व मांड्या यांवरून जाणारा संपूर्ण हार्नेस असतो, त्यामुळे झटका बळकट अवयवांत विभागला जातो व माणूस डोके वर अशा स्थितीत लोंबकळतो. अमेरिकेत पडणाऱ्याला थांबविण्यासाठी निव्वळ कमरपट्टा वापरण्यास १९९८च्या आरंभापासून मनाई आहे.

हार्नेसला आज दोन दोर असतात, आणि त्यांतील युक्ती इतकी सोपी आहे की ती इतक्या उशिरा सुचावी याचे आश्चर्य वाटते: अडथळा ओलांडताना पहिला हुक पुढे अडकविल्यावाचून दुसरा काढावयाचा नाही, म्हणजे एकही क्षण माणूस मोकळा राहत नाही. शिकाऊ नौसैनिकांच्या शिडाच्या जहाजांवर याच कारणासाठी परबाणांवर हुक अडकविण्याकरिता स्वतंत्र तारदोर बसविलेला असतो. गोवा शिपयार्डने बांधलेले, १९९७ साली नौदलात दाखल झालेले आणि २००३-०४ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेले आपले ‘तरंगिणी’ हे अशाच शिक्षणाचे जहाज आहे. तिचा आराखडा कॉलिन म्युडी या इंग्रज रचनाकाराचा. याच म्युडीने ‘लॉर्ड नेल्सन’ हे जहाज अपंग आणि धडधाकट माणसांनी बरोबरीने चालवावे म्हणून आखले होते, आणि त्या जहाजावर चाकांच्या खुर्चीतील माणसांनाही दोर-कप्प्यांच्या साहाय्याने डोलकाठीवरच्या माच्यापर्यंत चढविले जाई. जी उंची एके काळी केवळ निधड्या छातीच्या तरुणांची मिरास होती, ती पायांनी अधू असलेल्या माणसाला खुली करून देणे, हा सुरक्षेच्या व्यवस्थेचा मला सर्वांत मोठा विजय वाटतो.

तरीही साधने आली म्हणजे प्रश्न संपला असे झाले नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये ‘गॉर्क फॉक’ हे जर्मन नौदलाचे शिक्षणजहाज ब्राझीलच्या साल्वादोर बंदरात उभे असताना एक तरुण शिकाऊ अधिकारी दोरखंडांवरून पडून मृत्यू पावली. वादळ नव्हते, रात्रीची घाई नव्हती. जहाज बंदरात होते. या घटनेने जर्मनीत खळबळ उडाली, जहाजावरील शिक्षण स्थगित झाले, आणि पुढे म्युर्विक येथील नौदल प्रबोधिनीत जमिनीवरच सरावाची डोलकाठी उभारण्यात आली, म्हणजे समुद्रावर जाण्यापूर्वीच चढण्याची सवय व्हावी. वर चढताना मोकळे असावे आणि थांबल्यावरच हुक अडकवावा, की पहिल्या पावलापासून जोडलेले असावे, याविषयी शिडाच्या जहाजांवर अजूनही एकमत नाही. मोकळ्या चढाईचे पुरस्कर्ते म्हणतात की दोरावर भिस्त ठेवणाऱ्याची मूठ सैल होते. या म्हणण्यात तथ्य नाही असे नव्हे; परंतु मूठ घट्ट राहावी म्हणून माणसाचा जीव ओलीस ठेवणे, हे कोणत्याही शिक्षणपद्धतीला शोभत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिडाची जहाजे आता मोजकी उरली. परंतु उंचीवरील काम मात्र संपलेले नाही. आजच्या मालवाहू जहाजावर रडारचा खांब, धुराडे, क्रेन, विजेचे दिवे आणि मालाच्या खोल वखारींच्या भिंती यांची रंगरंगोटी व दुरुस्ती करावी लागते, आणि त्यासाठी शतकानुशतकांची बोसनची, म्हणजे खलाशांच्या मुकादमाची, खुर्ची आजही वापरात आहे. ती वस्तू निरखून पाहण्यासारखी आहे. एक जाड फळी, तिच्या चारही कोपऱ्यांना भोके, आणि त्यांतून ओवलेला दोर फळीच्या खालून एकमेकांना छेदत जातो. तो छेद अशासाठी, की फळी मोडली तरी माणूस त्या दोरांच्या पाळण्यात अडकून राहावा. ब्रिटिश व्यापारी जहाजांसाठी असलेली कामकाजाची संहिता सांगते, की ही खुर्ची ज्या दोराने चढवावयाची तो दोर वापरण्यापूर्वी अपेक्षित भाराच्या चार-पाचपट भार देऊन तपासावा. खुर्ची हातांनीच ओढावी, यंत्राच्या रहाटाने कधीही नव्हे, कारण यंत्राला अडकलेल्या माणसाची हाक कळत नाही. आणि खुर्चीत बसणाऱ्याला वेगळ्या दोराने बांधलेला हार्नेस असावा. अठरा वर्षांखालील किंवा वर्षभराचाही अनुभव नसलेल्या खलाशाला जाणत्या माणसाच्या सोबतीवाचून वर पाठवू नये, असाही दंडक आहे.

यंत्रयुगाने उंचीवर जे नवे धोके आणले, ते डोळ्यांना दिसत नाहीत. रडारचा फिरता हात खाली बसलेल्या कोणी अजाणतेपणी चालू केला तर वरचा माणूस ढकलला जातो. जहाजाचा भोंगा कानाशी वाजला तर दचकून हात सुटतो. धुराड्यातील वायूने भोवळ येते. म्हणून वर जाण्यापूर्वी लेखी परवाना घ्यावा लागतो. त्यात रडार बंद करून त्याच्या कळीवर सूचनेची पाटी लावली काय, भोंग्याचा पुरवठा तोडला काय, इंजिनखान्यातील अधिकाऱ्याला खबर दिली काय, हार्नेस तपासला काय, खालची जागा दोर लावून अडविली काय, हत्यारे बांधून घेतली काय, अशा एकेका बाबीपुढे खूण करून जबाबदार अधिकारी सही करतो. आणि एक शेवटची बाब अलीकडेच महत्त्व पावली: माणूस हार्नेसमध्ये निश्चेष्ट लोंबकळत राहिला तर पायांत रक्त साचून काही मिनिटांतच त्याचा जीव धोक्यात येऊ शकतो, तेव्हा त्याला खाली कसा आणावयाचा याची योजना तो वर जाण्यापूर्वीच ठरलेली असावी लागते.

या परवान्याच्या मागे कायद्याची मोठी परंपरा उभी आहे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९७० साली खलाशांच्या अपघातांना आळा घालण्यासाठी करार केला. जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाची आंतरराष्ट्रीय संहिता १९९८पासून बंधनकारक होऊ लागली आणि तिने जहाजाबरोबरच किनाऱ्यावरील कंपनीलाही जबाबदार धरले. २००६ साली संमत झालेला सागरी कामगार करार २०१३ साली अंमलात आला व भारताने त्यास २०१५ साली मान्यता दिली. बॉलमर पडला तेव्हा त्याच्या कप्तानाला जो प्रश्न कोणी विचारला नव्हता, तो आज जगातील कोणत्याही मोठ्या बंदरात तपासणी अधिकारी विचारू शकतो.

परंतु कागदावरची सही माणसाला पडू देत नाही असे नाही. जागेवर न जाताच सर्व खुणा भरल्या जातात, बंदर सोडण्याच्या घाईत परवाना काम संपल्यावर लिहिला जातो, उन्हापावसाने विरलेला दोर पुन्हा कपाटात ठेवला जातो. नियमाचा देह शिल्लक राहतो आणि प्राण निघून जातो. अशा वेळी सर्व भार पुन्हा त्याच एका मुठीवर येऊन पडतो, आणि दोनशे वर्षांचे परिश्रम एका सकाळीत वाया जातात.

रत्नागिरीपासून गोव्यापर्यंतच्या कित्येक घरांतून पिढ्यानपिढ्या माणसे आगबोटींवर सारंग, तांडेल आणि खलाशी म्हणून गेली, आणि आजही मुले मर्चंट नेव्हीत जात आहेत. त्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना एवढेच सांगावेसे वाटते, की वर चढण्याचा हुकूम मिळाला म्हणजे परवाना डोळ्यांनी वाचून पाहावा, हार्नेसचे टाके आणि हुक स्वतः तपासावेत, आणि काही उणे दिसले तर काम थांबवून तसे स्पष्ट सांगावे. आज पुष्कळ कंपन्यांच्या लेखी धोरणात हा अधिकार सर्वांत धाकट्या खलाशालाही दिलेला असतो, आणि तो वापरण्यात कमीपणा नाही. ज्याने माणसाला वर पाठविले, त्यानेच त्याच्या जिवाला जामीन राहिले पाहिजे, आणि वर जाणाऱ्याने पहिले पाऊल टाकण्यापूर्वी तो जामीन मागून घेतला पाहिजे.